कमी उंचीवर इंजिन बंद पडते तेव्हा : हलक्या विमानांचे अपघात आणि त्यांची कारणे

५ मार्च २०१५ रोजी दुपारी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला लागून असलेल्या सांता मोनिका विमानतळावरून एका जुन्या दोन आसनी विमानाने उड्डाण केले. विमानात एकच व्यक्ती होती. ‘स्टार वॉर्स’ आणि ‘इंडियाना जोन्स’ या चित्रपटमालिकांमुळे जगभर परिचित असलेले अभिनेते हॅरिसन फोर्ड हे स्वतः वैमानिक म्हणून ते चालवीत होते. त्या वेळी त्यांचे वय ७२ वर्षे होते. विमान अद्याप उंची घेत असतानाच त्याच्या इंजिनाची शक्ती गेली. फोर्ड यांनी इंजिन बंद पडल्याचे नियंत्रण कक्षाला कळवून तत्काळ परतण्याची परवानगी मागितली. ज्या धावपट्टीवरून ते निघाले होते तिच्यावर त्याच दिशेने उतरण्यास नियंत्रकाने सांगितले. परंतु पुरा फेरा मारण्याइतकी उंची हाती नव्हती. आपण विरुद्ध टोकाकडून येत असल्याचे त्यांनी त्याच क्षणी उत्तर दिले. धावपट्टी मात्र गाठता आली नाही. एका उंच झाडाच्या शेंड्याला घासून विमान धावपट्टीच्या अलीकडेच असलेल्या पेनमार गोल्फ मैदानावर जोराने आदळले. फोर्ड यांची हाडे मोडली, पण ते वाचले. मैदानावर खेळत असलेल्या एका शल्यविशारदाने त्यांना प्रथम मदत केली. जमिनीवरील कोणालाही इजा झाली नाही.

प्रसिद्ध व्यक्तीचा अपघात म्हणून ही बातमी त्या दिवशी जगभर गेली. विमानोड्डाणाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व निराळे आहे. एक इंजिन असलेले हलके विमान कमी उंचीवर असताना त्याचे इंजिन बंद पडणे, हा वैमानिकाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून शिकविला जाणारा प्रसंग आहे. तरीही त्यात प्राण जातात. इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे खाली पडत नाही; त्यानंतरच्या काही सेकंदांत विमानाचा वेग हातचा जातो आणि बहुतेक वेळा तोच घातक ठरतो. सांता मोनिकाच्या अपघातात तो गेला नाही. तो कसा राखला गेला, आणि मुळात इंजिन का थांबले, हे दोन्ही प्रश्न समजून घेण्यासारखे आहेत.

उंचीचा हिशेब

इंजिन बंद पडलेले विमान तरंगत खाली येते. देशातील आणि परदेशांतील प्रशिक्षण संस्थांमध्ये सर्रास वापरले जाणारे सेस्ना १७२ हे विमान इंजिनाविना एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जाते. म्हणजे हजार फूट उंचीवरून त्याला साधारण पावणेतीन किलोमीटर अंतर कापता येते. त्यासाठी वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर ठेवावा लागतो. या वेगाने ते मिनिटाला सातशेहून अधिक फूट उतरते. पाच हजार फुटांवर वैमानिकाला नकाशा पाहण्यास, इंजिन पुन्हा सुरू करून बघण्यास, मोकळे शेत निवडण्यास कित्येक मिनिटे मिळतात. पाचशे फुटांवर मिळतात सुमारे चाळीस सेकंद. त्यांतील तीन-चार सेकंद तर जे घडले त्यावर विश्वास बसण्यातच जातात.

उड्डाण करताना विमानाचे नाक वर असते. इंजिनाची ओढ अचानक थांबली, की वेग झपाट्याने उतरू लागतो. अशा वेळी नाक तत्काळ खाली घेणे हाच उपाय असतो. जमीन जवळ दिसत असताना विमान जमिनीकडे वळविणे मनाला पटत नाही. हात आपोआप दांडा मागे ओढू पाहतो. पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखांची उचल एकदम कमी होते. वैमानिकांच्या भाषेत यास ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारगाडी ‘स्टॉल’ होते तेव्हा तिचे इंजिन बंद पडलेले असते. विमानाच्या बाबतीत या शब्दाचा इंजिनाशी थेट संबंध नाही, आणि वर्तमानपत्रांतील बातम्यांत हा घोटाळा वारंवार होतो. स्टॉल होताना एक पंख दुसऱ्याआधी खाली गेला, तर विमान गिरकी घेत कोसळते. त्यातून सावरण्यास लागणारी उंची पाचशे फुटांवर उपलब्ध नसते.

मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह याच ठिकाणी घात करतो. वैमानिक या वळणाला ‘अशक्य वळण’ म्हणतात. वरकरणी हे अर्ध्या वर्तुळाचे, १८० अंशांचे वळण वाटते. परंतु वळून झाल्यावर विमान धावपट्टीच्या रेषेत नसते, तिच्या बाजूला असते. रेषेत येण्यासाठी आणखी वळावे लागते आणि मग उलट वळून सरळ व्हावे लागते. सर्व मिळून हे वळण अडीचशे अंशांच्या घरात जाते. पंख ३० अंशांत झुकवून सेस्नासारखे विमान एवढे वळवायचे, तर पंचवीसहून अधिक सेकंद लागतात आणि केवळ वळण्यात सुमारे चारशे फूट उंची खर्च होते. वळण आखूड करण्यासाठी पंख अधिक झुकवावेत, तर स्टॉल होण्याचा वेग वाढतो. ४५ अंशांना ही वाढ १९ टक्के, तर ६० अंशांना ४१ टक्के असते. जो वेग सरळ उड्डाणात सुरक्षित होता, तोच वळणात अपुरा पडतो.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. विमाने वाऱ्याला सामोरी जाऊन उडतात. मागे वळल्यावर तोच वारा पाठीमागून येतो. हवेतील वेग ५० नॉट आणि वारा १० नॉट असेल, तर समोरच्या वाऱ्यात विमान जमिनीला ४० नॉटने टेकते व पाठीमागच्या वाऱ्यात ६० नॉटने. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे या दोन परिस्थितींत सव्वादोन पटींचा फरक पडतो. म्हणूनच उड्डाणानंतर कमी उंचीवर इंजिन गेल्यास नाक खाली घ्या, शक्यतो समोर अथवा थोडे डावी-उजवीकडे जी मोकळी जागा दिसेल तेथे उतरा, विमान मोडले तरी चालेल, असे शिकविले जाते.

मग फोर्ड वळले कसे? चौकशीतील माहितीनुसार विमान समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांपर्यंत पोहोचले होते. सांता मोनिका विमानतळाची उंची १७७ फूट आहे. म्हणजे जमिनीपासून नऊशेहून थोडे अधिक फूट त्यांच्या हाती होते. ही उंची पाचशे फुटांपेक्षा बरी, तरी निश्चिंत होण्याइतकी नव्हे. समोर दाट वस्ती आणि त्यापलीकडे प्रशांत महासागर होता. त्यांनी इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला नाही. ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर वेग कायम ठेवून त्यांनी डावीकडे वळण घेतले. धावपट्टी गाठता येणार नाही हे लक्षात आल्यावरही नाक वर उचलून अंतर ताणण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. विमान अखेरपर्यंत उडते राहिले आणि पंख सरळ ठेवून मोकळ्या जागेत आदळले. वळण घेण्याचा निर्णय योग्य होता काय, याविषयी जाणकारांत दुमत असू शकते. वेग राखण्याच्या निर्णयाविषयी मात्र दुमत होण्याचे कारण नाही.

सतरा वर्षांनी सैल झालेला सुटा भाग

अपघातग्रस्त विमान ‘रायन एसटी३केआर’ या जातीचे होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कर याच विमानाचा ‘पीटी-२२’ या नावाने नव्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी उपयोग करीत असे. उघड्या दोन बैठका एकामागे एक, पंखांना आधार देणाऱ्या तारा, न मिटणारी चाके आणि पुढे ताऱ्याच्या आकारात मांडलेले पाच सिलिंडरांचे इंजिन अशी त्याची रचना असते. तारा आणि चाके हवेला अडवितात, त्यामुळे इंजिनाविना हे विमान आधुनिक विमानांच्या तुलनेने लवकर खाली येते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची चौकशी करून ऑगस्ट २०१५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. विमानाच्या सांगाड्यात दोष आढळला नाही. दोष सापडला तो कार्बोरेटरमध्ये. कार्बोरेटरमधील मुख्य जेट, म्हणजे पेट्रोलचा प्रवाह मोजून सोडणारा छिद्राचा लहानसा भाग, आपल्या बैठकीतून सैल होऊन ९० अंशांत फिरला होता. त्यामुळे प्रमाणाबाहेर पेट्रोल इंजिनात गेले आणि हवा व इंधन यांचे मिश्रण इतके दाट झाले, की इंजिनाची शक्ती गेली. जुनी स्कूटर वापरलेल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. पेट्रोल ‘ओव्हर’ झाले, की स्कूटर फुरफुर करून थांबते आणि आपण ती रस्त्याच्या कडेला घेतो. विमानाला रस्त्याची कड नसते, एवढाच काय तो भेद.

हे जेट एका दिवसात सैल झाले नसावे, कालांतराने हळूहळू सुटत गेले असावे, असा मंडळाचा निष्कर्ष आहे. अपघातापूर्वी सुमारे १७ वर्षे आधी विमानाचे पुनरुज्जीवन पूर्ण झाले होते आणि त्या वेळी कार्बोरेटर नव्याने बांधण्यात आला होता. त्यानंतर त्याच्या देखभालीची नोंद आढळली नाही. कार्बोरेटरच्या दुरुस्ती पुस्तिकेतही जेट अधूनमधून तपासावे अशी सूचना नव्हती. म्हणजे कोणीतरी ठरलेले काम टाळले, असे येथे सरळ म्हणता येत नाही. ते काम ठरविलेलेच नव्हते. जुनी विमाने उडती ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने हा अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. चाळीसच्या दशकातील पुस्तिका लिहिणाऱ्यांनी आपले विमान सत्तर वर्षांनंतर उडत असेल, अशी कल्पना तरी केली असेल काय?

यंत्रातील असा छुपा दोष विरळा म्हणावा लागेल. हलक्या विमानाचे इंजिन थांबण्याची नेहमीची कारणे याहून साधी असतात. इंधन संपणे, किंवा टाकीत असूनही इंजिनापर्यंत न पोहोचणे, हे त्यांतील ठळक कारण. पाण्याची भेसळ हे दुसरे. विमानाचे पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते आणि उड्डाणाच्या वेळी इंजिनात ओढले जाऊ शकते. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहण्याची पद्धत आहे. या विमानांत प्रामुख्याने वापरले जाणारे पेट्रोल निळसर रंगविलेले असते, त्यामुळे खाली बसलेला रंगहीन पाण्याचा थर सहज ओळखू येतो. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानांच्या बाबतीत या पेल्याचे मोल विशेष असते.

तिसरे कारण आपल्याकडील वाचकांना आश्चर्यकारक वाटेल. उष्ण दिवशीही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तेथील तापमान वीस अंशांहूनही अधिक खाली येते. बाहेर वीस-बावीस अंश सेल्सियस तापमान आणि दमट हवा असेल, तर गळ्यात बर्फ साचून इंजिन घुसमटते. इंजिनाची शक्ती कमी ठेवलेली असताना, म्हणजे उतरण्याच्या तयारीत असताना, हा धोका अधिक असतो. आणि नेमके त्याच वेळी विमान जमिनीजवळ असते. गरम हवा कार्बोरेटरकडे वळविण्याची कळ अशा इंजिनांत यासाठीच दिलेली असते. ठिणगीच्या बाबतीत मात्र रचनाकारांनी आधीच काळजी घेतली आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग व त्यांना वीज पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, आणि उड्डाणापूर्वी दोन्ही वेगवेगळे तपासले जातात.

मॉन्टेरे उपसागरावरील संध्याकाळ

इंधन टाकीत असूनही इंजिनापर्यंत न पोहोचण्याचे बहुचर्चित उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७ चे आहे. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर त्या दिवशी सायंकाळी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथून ‘लाँग-ईझी’ या घरबांधणीच्या हलक्या विमानातून निघाले. विमान त्यांनी नुकतेच घेतले होते. डेन्व्हर नवशिके वैमानिक नव्हते. त्यांना २७०० तासांहून अधिक उड्डाणांचा अनुभव होता. मात्र या विशिष्ट विमानाचा अनुभव नगण्य होता.

मूळ आराखड्यात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याची कळ वैमानिकाच्या पायांमध्ये होती. हे विमान बांधणाऱ्याने ती बैठकीमागे, डाव्या खांद्याच्या पाठीशी बसविली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या. इंधनाची पातळी दाखविणाऱ्या नळ्याही मागील बाजूस होत्या. उड्डाणापूर्वी ही कळ हाताला येत नसल्याविषयी डेन्व्हर आणि एक तंत्रज्ञ यांच्यात बोलणे झाले, पक्कड लावून ती लांब करता येते का हेही पाहण्यात आले आणि नळ्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्यांना आरसा दिला. टाकी भरून घेण्यास डेन्व्हर यांनी नकार दिला. सुमारे तासभरच उडायचे होते.

विमान साधारण ३५० ते ५०० फुटांवर असताना किनाऱ्यावरील लोकांनी इंजिनाचा आवाज बदलल्याचे ऐकले. त्यानंतर ते एकाएकी वळून समुद्रात कोसळले. डेन्व्हर यांचे वय ५३ होते. चौकशीत तशाच बैठकीत बसून कळ गाठण्याचा प्रयोग करण्यात आला, तेव्हा डावीकडे मागे वळताना उजवा पाय नकळत पेडल दाबतो असे दिसून आले. त्या पेडलने विमानाचे सुकाणू फिरते. कळ फिरविण्याच्या प्रयत्नात लक्ष विचलित होऊन सुकाणू अनवधानाने दाबले गेले व विमानावरील नियंत्रण सुटले, असे संभाव्य कारण मंडळाने नोंदविले. टाकी न भरणे, कळीची बदललेली जागा, खुणांचा अभाव आणि नव्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण यांचाही अहवालात उल्लेख आहे.

दोन्ही प्रसंगांतील वैमानिक अनुभवी होते आणि उंचीही दोघांजवळ थोडीच होती. सांता मोनिकात इंजिनाचा दोष हवेत दुरुस्त होण्याजोगा नव्हता आणि वैमानिक वाचला. मॉन्टेरेत केवळ एक कळ फिरवायची होती आणि वैमानिक गेला. ‘आधी विमान उडवा, मग वाट पाहा, मग बोला’ हा प्रशिक्षणातील क्रम आहे. फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी असो वा बारामती, गोंदिया येथील प्रशिक्षण संस्था, इंजिन बंद पडल्याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून पुनःपुन्हा करून घेतला जातो. प्रशिक्षक न सांगता इंजिनाची शक्ती कमी करतो आणि विद्यार्थ्याचा हात प्रथम कोठे जातो ते पाहतो.

पट्टा आणि मोकळी जागा

सांता मोनिकाच्या अहवालात आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे बातम्यांत फारसे लक्ष गेले नाही. या विमानात मुळात खांद्यावरून येणारा पट्टा नव्हता. तो मागाहून बसविण्यात आला होता. हा पट्टा बैठकीच्या पाठीच्या खालच्या पातळ भागाला जोडलेला होता आणि त्या जोडाला आवश्यक मजबुती दिलेली नव्हती. आदळताना तो निघून आला. चुकीच्या पद्धतीने बसविलेल्या या पट्ट्यामुळे दुखापतींची तीव्रता वाढली, असे मंडळाने संभाव्य कारणाच्या परिच्छेदातच म्हटले आहे. सुरक्षिततेसाठी घातलेली भर बाहेरून पाहता व्यवस्थित दिसत होती. तिची कसोटी मात्र पहिल्याच आघाताला लागली. फोर्ड त्याच वर्षी पुन्हा विमान उडवू लागले.

उरतो प्रश्न मोकळ्या जागेचा. पेनमारचे मैदान तेथे नसते तर विमान घरांवर गेले असते. सांता मोनिका विमानतळ शहराच्या कडेला उभारला गेला, याच ठिकाणाहून १९३५ मध्ये प्रसिद्ध डीसी-३ विमानाने पहिले उड्डाण केले. नंतर शहर त्याच्याभोवती वाढले. मुंबईच्या जुहू विमानतळाची कथाही याच वळणाची आहे. १९२८ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एक इंजिनी ‘पस मॉथ’ विमानातून उतरले, तेव्हा आजूबाजूला वाळू आणि माड होते. आज तेथे इमारती आहेत, आणि जुहूचा वापर प्रामुख्याने हेलिकॉप्टरांसाठी होतो. बॉम्बे फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणे पुढे धुळ्यास हलविण्यात आली.

सांता मोनिकातील रहिवाशांचा विमानतळाला विरोध २०१५ च्या अपघातापूर्वीपासून होता. जानेवारी २०१७ मध्ये नगर प्रशासन आणि अमेरिकेचे केंद्रीय विमानोड्डाण प्रशासन यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली. तीनुसार सुमारे ५००० फूट लांबीची धावपट्टी त्याच वर्षाच्या अखेरीस ३५०० फुटांवर आणण्यात आली, आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर विमानतळ बंद करण्याची मुभा शहराला मिळाली आहे.